बाहेरकाठा आणि रेशनचे दुकान : पेण-रोह्यातील अन्नधोरणाचा इतिहास

पेण तालुक्याचा खारेपाट भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. धरमतरची खाडी आणि अंबा नदी यांच्या काठाने मातीचा उंच बांध घातला, भरतीचे पाणी बाहेर रोखले आणि आतल्या जमिनीतले मीठ पावसाळ्यामागून पावसाळा धुऊन काढले, तेव्हा कुठे येथे भात उगवू लागले. या बांधाला येथे बाहेरकाठा म्हणतात. त्यातील उघाडीतून पावसाचे जादा पाणी ओहोटीला बाहेर सोडले जाते आणि भरतीला तिची झडप मिटते. मिठाची जमीन गोड्या जमिनीसारखी राबून लावणी करण्याजोगी नसते. मोड आलेले भात चिखलात फेकून पेरण्याची रहू पद्धत तेथे रूढ झाली, आणि काळा राता, भुरा राता यांसारखी खार सोसणारी वाणे शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. घरालगतच्या तळ्यांत जिताडा हा मासा वाढवला जाई. बाहेरकाठ्याला एक खांड पडली आणि उधाणाचे पाणी आत शिरले की ते पीक तर जाईच, पुढची दोन-तीन वर्षेही जमीन नापीक राही. त्यामुळे पेण-अलिबागच्या खारेपाटात अन्नसुरक्षा या शब्दाला सरकारी अर्थ येण्याच्या कितीतरी आधी एक साधा अर्थ होता : बांध कोणी सांभाळायचा?

जुन्या व्यवस्थेत या प्रश्नाला उत्तर होते. पेण-रोहा ज्यात येत त्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात शिलोत्री नावाची धारणापद्धती होती. ज्यांनी पैसा आणि मजूर घालून खाजणाची शेते केली, किंवा ज्यांनी बाहेरच्या बांधाची जबाबदारी पत्करली, ते शिलोत्रीदार. त्या जबाबदारीच्या बदल्यात कसणाऱ्यांकडून त्यांना भाताच्या रूपाने ठरावीक हक्क मिळे. गावकऱ्यांची सामुदायिक मेहनतही होती. खांड पडल्याची हाक आली की घरटी माणूस चिखल आणि दगड घेऊन बांधावर जाई. याला जोळ म्हणत. ही व्यवस्था न्याय्य होती असे नव्हे. शिलोत्रीदार आणि खोत पिकाचा मोठा भाग नेत, आणि कुळाच्या कणगीत आषाढ-श्रावणापर्यंत पुरेल एवढेही भात उरत नसे. तरीही बांध फुटला तर कोणाचे दार ठोठावायचे, हे प्रत्येकाला ठाऊक होते. पुढच्या साऱ्या इतिहासात हे दार हळूहळू कसे नाहीसे झाले, ही या लेखाची मध्यवर्ती गोष्ट आहे.

खंडाचा भार किती असह्य होता हे पेणच्या शेजारच्या चरी गावाने दाखवून दिले. २७ ऑक्टोबर १९३३ पासून चरी आणि आसपासच्या २५ गावांतील कुळांनी सावकार-जमीनदारांच्या जमिनी कसण्यास नकार दिला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालचा हा संप १९३९ पर्यंत चालला. जमिनी ओसाड पडल्या. शेतकऱ्यांनी लाकूडतोड, मासेमारी, मजुरी करून दिवस काढले. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. भात पिकवणाऱ्यानेच सहा वर्षे भात न पिकवणे हा एक विलक्षण प्रसंग आहे. पिकवणे आणि पोट भरणे या दोन गोष्टी एकमेकींपासून किती दूर गेल्या होत्या, हे त्या ओसाड शेतांइतके स्पष्टपणे दुसऱ्या कशानेही सांगितले नसते.

दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. मुंबई शहर आणि किनारपट्टी ब्रह्मदेशातून येणाऱ्या तांदळावर अवलंबून होती. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तो तांदूळ थांबला. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळाने सुमारे ३० लाख माणसे गेली. त्याच वर्षी २ मे रोजी मुंबईत पूर्ण रेशनिंग सुरू झाले. देशात ते तेथे सर्वांत आधी आले. रेशनवर द्यायला धान्य कुठून तरी आणावे लागणार होते, आणि मुंबईला सर्वांत जवळचे भाताचे जिल्हे ठाणे आणि कुलाबा हेच होते. सक्तीची लेव्ही आली. शेतकऱ्याने घरखर्चापुरते ठेवून बाकीचे भात सरकारने ठरवलेल्या भावाने द्यायचे. कंट्रोल हा इंग्रजी शब्द याच काळात कोकणच्या बोलीत रुतला. रेशनच्या दुकानाला ‘कंट्रोलचे दुकान’ म्हणण्याची सवय मागच्या पिढीपर्यंत टिकली होती.

स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षे धोरणाच्या झोक्यांची होती. गांधीजींच्या आग्रहाने १९४७ च्या अखेरीस नियंत्रणे उठवली गेली. भाव भडकले आणि १९४८ च्या शरदात ती पुन्हा आली. १९५० ते १९५६ या काळात देशाची तिजोरी चिंतामणराव देशमुखांच्या हाती होती. त्यांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा आणि घरचा संबंध रोह्याशी. १९५२ ची लोकसभा निवडणूक त्यांनी कुलाबा मतदारसंघातून जिंकली. त्यांच्याच काळात, १९५१ मध्ये, अमेरिकेने १९ कोटी डॉलरच्या कर्जावर भारताला २० लाख टन गहू दिला, आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेने शेती व पाटबंधाऱ्यांना अग्रक्रम दिला. भातपट्ट्यात वाढलेल्या अर्थमंत्र्याला परदेशी गव्हाचे कर्ज मंजूर करून घ्यावे लागले, यावरून त्या वर्षांतली निकड कळते. १९५१ मध्येच १८ एप्रिलला तेलंगणातील पोचमपल्लीत भूदान चळवळ सुरू करणारे विनोबा भावे हेही याच भागातले. त्यांचे जन्मगाव गागोदे पेण तालुक्यात आहे. अन्नाचा प्रश्न धान्याच्या आयातीने सोडवायचा की जमिनीच्या वाटपाने, या वादाच्या दोन्ही टोकांशी या दोन तालुक्यांतील माणसांचा संबंध आला.

जिल्ह्यात मात्र मोठा बदल कायद्यांनी केला. १९४८ चा मुंबई कुळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा, १९५५ चा कुलाबा जिल्ह्यातील शिलोत्री हक्क रद्द करणारा स्वतंत्र कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन, ज्या दिवसापासून कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानले गेले. चरीच्या संपाची मागणी दोन दशकांनी कायद्यात उतरली. खारेपाटात सातबारा हाती आलेल्या घरांची संख्या मोठी होती, आणि या हक्काच्या आधारेच शेतकरी कामगार पक्षाचे बळ येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले.

परंतु जमीन कुळाकडे आली तशी बांधाची जबाबदारी कोणाकडे गेली, हे तितके स्पष्ट झाले नाही. १९४८ मध्ये मुंबई सरकारने खारभूमी कायदा करून खारभूमी मंडळ स्थापन केले होते. मंडळाने योजना आखायच्या, बांध बांधायचे आणि खर्चाचा काही वाटा जमीनधारकांकडून वसूल करायचा, अशी रचना होती. शिलोत्रीदार गेल्यावर बाहेरकाठा कागदोपत्री सरकारी योजनेत आला. गावकऱ्यांची जोळही हळूहळू ओसरली, कारण ज्या बांधावर सरकारचा फलक लागला त्यावर स्वतः माती टाकावी की नाही हे गावाला कळेना. हा दोष शेतकऱ्यांचा नाही. नवे राज्य जमिनीचा हक्क देण्यात जेवढे ठाम होते, तेवढे बांधाच्या रोजच्या राखणीबाबत नव्हते. उधाण मात्र दर अमावास्या-पौर्णिमेला येतच राहिले.

१९५४ मध्ये केंद्रीय अन्नमंत्री रफी अहमद किडवाईंनी धान्यावरची नियंत्रणे उठवली आणि काही वर्षे बाजार मोकळा राहिला. १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५६ चा अमेरिकेशी झालेला धान्य आयातीचा पीएल ४८० करार आणि त्यानंतरचे धान्य एका भागातून दुसऱ्यात नेण्यास मनाई करणारे प्रांतबंदीचे पट्टे यांनी तो पुन्हा आवळला. खरा पेच १९६४ पासून पडला. महाराष्ट्र सरकारने भात आणि ज्वारीची एकाधिकार खरेदी सुरू केली. शेतकऱ्याकडचे विक्रीचे भात सरकारने ठरवलेल्या किमतीने सरकारनेच घ्यायचे आणि रेशनवर वाटायचे. जानेवारी १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आणि कृषिमूल्य आयोग आले. त्याच वर्षी महाराष्ट्र दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर फाशी जायला तयार आहोत, अशा अर्थाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचे पुण्यातील उद्गार गाजले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. १९६६ मध्ये देशाने १ कोटी टनांहून अधिक धान्य आयात केले.

भातपट्ट्यातील घराला या व्यवस्थेचा अनुभव दुहेरी होता. सुगीला भात लेव्हीत जाई आणि पावसाळ्यात रेशनच्या रांगेत उभे राहावे लागे. रेशनवर हाती पडे तो दूरचा तांदूळ, गहू किंवा अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी. भातखाऊ कोकणाला मिलोची भाकरी गळ्याखाली उतरवणे कठीण गेले. मुंबईच्या गिरणी कामगाराला स्वस्त तांदूळ मिळाला, आणि तो कामगार बहुधा कोकणातलाच होता, हेही विसरून चालणार नाही. कुलाब्याचे भात आणि कुलाब्याचाच माणूस मुंबईत एकाच रेशनकार्डावर भेटत होते. तरीही किंमत ठरवताना शहराचे पोट आधी मोजले गेले आणि बांध सांभाळणाऱ्याचा खर्च नंतर, किंवा मोजलाच गेला नाही.

उत्पादन वाढवण्याचे काम या काळात खरोखर झाले. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासून काम करत होते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने मिठाच्या जमिनीसाठी वाणे शोधली. १९६८ मध्ये प्रसारित झालेल्या ‘जया’सारख्या ठेंगण्या, जास्त उत्पन्नाच्या जाती गोड्या जमिनीत झपाट्याने पसरल्या. १८ मे १९७२ रोजी दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. खारेपाटाला मात्र नव्या वाणांचा लाभ मर्यादित मिळाला. ठेंगणे रोप साचलेल्या पाण्यात बुडते आणि खार सोसत नाही. बियाणे बदलण्याआधी बांध भक्कम हवा होता.

रोहा तालुक्याची कथा वेगळ्या वाटेने गेली, आणि तिचा उगम सह्याद्रीच्या पलीकडे आहे. टाटा कंपनीने मुंबईच्या विजेसाठी मुळशीला धरण बांधायचे ठरवले, तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. धरण थांबले नाही. आंबेमोहोर पिकवणाऱ्या मावळातील गावांची भातशेती पाण्याखाली गेली. १९२७ पासून ते पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येऊ लागले आणि तेथून कुंडलिकेत. चक्रे फिरवून सुटणारे हे पाणी उन्हाळ्यातही वाहते. स्वातंत्र्यानंतर ‘काळ’ पाटबंधारे प्रकल्पाने कोलाडजवळ डोलवहाळला बंधारा घालून ते कालव्यांत वळवले, आणि रोहा व माणगाव तालुक्यांत उन्हाळी भाताचे दुसरे पीक उभे राहिले. पावसाळ्यानंतर कोरड्या पडणाऱ्या कोकणात हे अपूर्वच होते. मावळातील एक भातशेती बुडाली, तिच्या पाण्यावर घाटाखाली दुसरी फुलली. बुडालेल्यांना मात्र यातले काही मिळाले नाही, आणि हे रोह्याच्या हिरव्या उन्हाळ्याकडे पाहताना लक्षात ठेवायला हवे.

याच कुंडलिकेच्या काठी, रोह्याला लागून, धाटावची औद्योगिक वसाहत आली आणि रसायनांचे कारखाने उभे राहिले. नागोठण्याला पेट्रोरसायनांचा प्रकल्प आला. नोकऱ्या आल्या, बाजारपेठ वाढली, आणि शेतात राबणारे हात कारखान्याकडे वळले. जिल्ह्याचे नावही बदलले. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाब्याचा रायगड झाला. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीला आलेल्या महापुराने नागोठणे आणि सुधागड तालुक्यातील जांभूळपाडा यांचे अतोनात नुकसान केले. शेतीच्या दृष्टीने या पुराने एक गोष्ट दाखवली. खारेपाटाला धोका केवळ समुद्राकडून नव्हता. डोंगरातून येणारा लोंढा आणि खाडीची भरती एकाच वेळी आली की बाहेरकाठा दोन्ही बाजूंनी झिजतो.

१९७९ मध्ये जुन्या कायद्याच्या जागी महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा आला आणि बांधांची जबाबदारी शासनाच्या यंत्रणेवर अधिक थेटपणे आली. पेणला खारभूमी विकास विभागाचे कार्यालय आहे. जबाबदारी ठरली, पण देखभालीसाठी निधी अपुरा राहिला. बांध फुटल्यावर अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा असा क्रम पूर्ण होईपर्यंत पुढचा पावसाळा येई. जुन्या काळी खांड पडली की त्याच ओहोटीत बुजवण्याची धडपड होई. त्या वेगाची भरपाई कोणत्याही फायलीने झाली नाही. खाडीतून वाढलेल्या बार्ज वाहतुकीच्या लाटांनी काठ ढासळतात, ही खारेपाटातील गावांची जुनी तक्रार आहे.

यात एक नवा तिढा पडला. फुटलेल्या बांधातून खारे पाणी आत आले की दोन-चार वर्षांत शेतात कांदळवन उगवते. १९९१ च्या किनारी नियमन अधिसूचनेने आणि पुढे २००५ मधील उच्च न्यायालयाच्या आदेशाने कांदळवनांना संरक्षण मिळाले. समुद्रकाठासाठी ते आवश्यकच होते. पण ज्याच्या सातबाऱ्यावर भातशेती आहे त्या शेतात उगवलेले कांदळवन तोडता येत नाही आणि बांधही सहज दुरुस्त करता येत नाही. ही परिस्थिती सरकारी विलंबाने निर्माण केली आणि तिची शिक्षा शेतकऱ्याने भोगली. वेळेवर खांड बुजली असती तर हा वाद उद्भवलाच नसता.

डोंगरउतारावरच्या कातकरी आणि ठाकूर समाजांचे अन्न भातशेतीवर कधीच पूर्णपणे अवलंबून नव्हते. नाचणी, वरी, कंदमुळे, नदीतले मासे आणि रानातली शिकार यांवर त्यांचे वर्ष निघे. एकोणिसाव्या शतकात वनखात्याने जंगल राखीव केले तेव्हा त्यांना डोंगरावर दळीचे तुकडे कसायला दिले गेले. रोहा, सुधागड, पेण भागांत ही दळी जमीन शतकभर कसली गेली, पण मालकी मिळाली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर या तुकड्यांचे दावे दाखल झाले. सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटनांनी ते दावे लढवले.

सरकारने या समाजांसाठी वेगळी व्यवस्थाही उभी केली. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ आले. १९७८ पासून पावसाळ्याच्या उपासमारीच्या महिन्यांसाठी खावटी कर्ज सुरू झाले. खावटी हा शब्दच त्या महिन्यांचे वर्णन आहे : कणगी रिकामी, मजुरी बंद, आणि नवे पीक अजून दूर. २ मे २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्व आदिम जमातींच्या कुटुंबांना अंत्योदय कार्डे देण्याचा आदेश दिला. रायगडमधील कातकरी त्यात आले आणि महिन्याला ३५ किलो धान्याचा हक्क मिळाला. अडचण दुसरीकडे होती. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कार्ड पाड्यावर, माणसे भट्टीवर. हक्काचे धान्य आणि भूक यांच्यात चार-सहा महिन्यांचे अंतर राहिले. देशभर कोणत्याही दुकानातून धान्य घेण्याची सोय आता झाल्याने ते कमी होऊ शकते, पण त्यासाठी भट्टीजवळच्या दुकानदारानेही ते कार्ड मानायला हवे. २०२० च्या टाळेबंदीनंतर खावटी कर्जाऐवजी अनुदान झाली : प्रत्येक कुटुंबाला ४,००० रुपये, अर्धे रोख आणि अर्धे वस्तूंच्या रूपात.

पेण तालुक्याच्या अन्नेतिहासातला सर्वांत तीव्र प्रसंग या सहस्रकाच्या पहिल्या दशकात घडला. पेणजवळ हेटवणे धरण बांधले गेले. त्यामागे खारेपाटाला गोडे पाणी मिळावे हा हेतू होता. धरणाचे पाणी नवी मुंबईला पोहोचले, शेतात मात्र कालव्यांची कामे अपुरी राहिली. याच लाभक्षेत्रासह पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतील जमीन महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी संपादित करण्याच्या हालचाली २००६ पासून सुरू झाल्या. खारेपाटातील गावे उठली. एन. डी. पाटील आणि उल्का महाजन यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनाचा युक्तिवाद अन्नाचाच होता : ज्या जमिनीला पाणी देण्यासाठी धरण बांधले, तीच जमीन पाणी पोहोचण्याआधी कारखान्यांना का द्यायची? २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवण्याच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शासनाने शेतकऱ्यांचे मत घेतले. संपादनासाठी शासनाने शेतकऱ्यांचा कौल विचारण्याचा हा देशातील दुर्मीळ प्रसंग होता. निकाल अधिकृतपणे जाहीर झाला नाही, पण संपादनाची प्रक्रिया पुढे गेली नाही आणि जमीन शेतकऱ्यांकडे राहिली. चरीच्या कुळांनी जमीन कसण्यास नकार दिला होता. त्यांच्या शेजारच्या गावांनी पाऊणशे वर्षांनी जमीन सोडण्यास नकार दिला.

रेशनची बाजू या काळात अधिकाधिक मजबूत होत गेली. १९९७ मध्ये दारिद्र्यरेषेवर आधारलेली लक्ष्यनिर्धारित वितरणव्यवस्था आली, १९९९ मध्ये महाराष्ट्राने पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तिरंगी कार्डे दिली. १० सप्टेंबर २०१३ रोजी राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा अधिसूचित झाला आणि फेब्रुवारी २०१४ पासून महाराष्ट्रात लागू झाला. माणशी महिना ५ किलो, तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो. एप्रिल २०२० पासून करोनाकाळात आणखी ५ किलो मोफत मिळाले, आणि जानेवारी २०२३ पासून कायद्याखालचे धान्यच मोफत झाले. उपासमारीच्या भीतीतून घरे बाहेर आली, हे या कायद्याचे निर्विवाद यश आहे.

या यशाचा एक परिणाम खारेपाटात दिसतो. रेशनचा तांदूळ मोफत, गिरणीवरचा पॉलिश केलेला तांदूळ विकत, आणि खांड पडलेल्या शेतातले भात मजुरीलाही न पुरणारे. अशा हिशेबात अनेक घरांनी खारी शेते पडीक सोडली आहेत. पेणचे पोहे-पापड प्रसिद्ध आहेत, पण त्यांना लागणारे भात खारेपाटातूनच येईल अशी आता हमी नाही. काळा राता उरला आहे तो काही जुन्या शेतकऱ्यांच्या बियाण्याच्या मडक्यांत आणि संशोधन केंद्रांच्या संग्रहात. धान्यवाटपाचा खर्च अन्नखात्याच्या तरतुदीत बसतो, बाहेरकाठ्याचा जलसंपदा खात्याच्या. अन्नसुरक्षेच्या कायद्यात बांध हा शब्द नाही. पावसाळी उधाणांच्या तारखा मात्र आजही खारेपाटात आधीपासून मोजल्या जातात, आणि त्या रात्री ज्यांची शेते काठाला आहेत ती माणसे विजेरी घेऊन बांधावर फेरी मारतात.